मयूरीचा फुटबॉल आणि माझं माकडहाड

मु. गुंद, ता. जोयडा
गुरुवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप बाबुराव दाजी यांस,

महाबळेश्वरचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण सध्या कंबरेतून वाकणं बंद आहे (कारण पुढे येईल, ते वाचून हसू नये), तेव्हा मानेनेच घातला असं समजावं. आपली शुगर कशी आहे? कमलअक्काचं पित्त? दुकानात खताच्या पोत्यांमागे जी मांजर व्यायली होती तिची पिल्लं वाटून झाली का? आमच्याकडे शांती मजेत आहे, सुपारी उतरवून झाली आहे, आणि जीपला नवीन क्लच बसवला. पत्र बघून आपण म्हणाल, ह्या माणसाकडे फोन नाही काय? आहे. गेल्या पंधरवड्यात मी गुंदहून वळणावरच्या खडकापर्यंत (रेंज तेवढी एकाच ठिकाणी येते) चालत जाऊन आपल्याला चार वेळा फोन लावला. तीनदा आपण कापला. चौथ्यांदा उचललात, आणि 'राँग नंबर री' असं कन्नडमध्ये सांगून ठेवून दिलात. दाजी, आपला आवाज मी सत्तावीस वर्षं ऐकतो आहे. आपण कन्नड बोललात म्हणून मला दुसरा कोणी वाटेल काय? म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण आपण कागद वाया घालवणारे नव्हेत.

विषय मयूरीचा आहे. थांबा, चष्मा काढून ठेवू नका. 'ती माझी मुलगीच न्हाई' असं आपण चार वर्षांमागे म्हणालात तेव्हा मी समोर चहा पीत होतो, त्यामुळे आपलं मत मला पाठ आहे. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर निवड झालेली पोर, हातात पत्र आलेलं, आणि ते पत्र घडी करून कपाटात ठेवून ती ऑस्ट्रेलियाला चेंडू खेळायला गेली. बापाला राग येणारच. माझं एवढंच म्हणणं आहे की राग आला तो आला, पण साऱ्या रामनगर बाजारात 'मुलगी नर्सिंग शिकायला गेली' असं सांगायची काय गरज होती? परवा आमच्या गावची एक बाई मला विचारत होती, मयूरी आली आहे तर सासूचं बीपी तपासून देईल का. मी मयूरीला विचारलं. तिने तपासलंसुद्धा. मोजायचं यंत्र तिच्याकडे होतं, आकडा बरोबर आला. तेव्हा तेवढ्यापुरती आपली अब्रू राखली गेली आहे.

आता ती तिथे नेमकं काय करत होती ते सांगतो, कारण आपल्याला त्यातलं काही ठाऊक नाही. बेळगावच्या कॉलेजात हँडबॉल खेळत असताना तिच्या हातात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा तो लांबट चेंडू आला. फणसाचं लहान पिल्लू असतं ना, तसा. खाली पडला की कुठल्या बाजूला उडेल ते त्यालाही माहीत नसतं. एक बंगाली सर शिकवायला आले होते, त्यांनी सांगितलं, पळा, पकडा, लाथेने मारा, नाही जमलं तर मुठीने मारा. बाकीच्या पोरी घाबरल्या. हिने म्हणे पहिल्याच दिवशी उडी मारून दोघींच्या डोक्यावरून चेंडू पकडला. (लहानपणी आमच्या पेरूच्या झाडावर तिची उडी मी पाहिली आहे, मला आश्चर्य वाटलं नाही.) मग भारताच्या संघातून ती तिकडे एका स्पर्धेला गेली. आपला संघ पाच सामने हरला आणि एक जिंकला, तोही समोरच्या संघाची बस चुकून अर्ध्या पोरी उशिरा आल्या म्हणून. पण मेलबर्नजवळच्या एका क्लबाच्या बाईने हिला बघून ठेवलं होतं. पहिली दोन वर्षं खालच्या संघात. पहाटे बेकरीत पाव कापायचे, संध्याकाळी चिखलात लोळायचं. तिसऱ्या वर्षी मोठ्या क्लबाने करार केला. म्हणजे खेळायचा पगार, दाजी! बाईमाणसाला, खेळायचा पगार! शांतीला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, ''मग मी एवढी वर्षं ह्या घरात काय खेळले, त्याचं कोण देनार?'' मी विषय बदलला.

तिचा पहिला मोठा सामना आम्ही पाहिला. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ, साडेआठ. खडकाजवळ जीप आडवी लावली, टपावर माझा फोन काठीला बांधला, आणि जीपमध्ये, जीपवर, जीपखाली असे आम्ही सत्तावीस जण. नियम कोणालाच माहीत नव्हते. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे नेम चुकला, तरी एक गुण. हे कळल्यावर ज्यांच्या शेतात आम्ही नंतर खेळलो ते म्हादूकाका उभेच राहिले. ''चुकलें तरी एक गूण? हो खेळ बरो आसा!'' असं म्हणून त्यांनी टपावर थाप मारली, फोन पडला, आणि सामन्याच्या चार भागांतला दुसरा तिथेच गेला. प्रत्येक गोलानंतर खांबांमागचा एक माणूस दोन्ही हातांत पांढरे झेंडे घेऊन हलवतो. शांती रेल्वेच्या गावची, तिला एवढंच कळेना: ''आवं, ह्या मैदानातनं रेल्वे जातीया काय?'' तेवढ्यात उळवीची बस आली. रस्ता अडलेला. ड्रायव्हर हॉर्न मारत खाली उतरला, आमच्या चार पिढ्यांचा उद्धार केला, आणि 'कोण खेळतंय' असं विचारलं. आमच्या महाबळूची भाची, असं कोणीतरी सांगितलं. मग तो बोनेटवर बसला. त्याच्यामागून प्रवासी उतरले. शेवटच्या दोन मिनिटांत मयूरीने चेंडू पकडला. पकडला की खेळ थांबतो, मारायला मोकळा वेळ मिळतो, कोणी अंगावर येत नाही. ती मागे गेली, पायमोजा वर ओढला, आणि मारला. दोन झेंडे! दाजी, ती बस त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं उशिरा उळवीला पोहोचली आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. मी त्या वेळी काय केलं ते विचारू नका. लोक म्हणतात मी रडलो. डिझेलचा धूर होता.

आता वाईट भाग. पुढच्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी, सरावातच, तिचा उजवा गुडघा फिरला. कोणी ढकललं नाही की पाडलं नाही, नुसती वळली आणि आतली दोरी तुटली. ऑपरेशन झालं. सगळा मोसम तिने कुबड्या घेऊन बाकावर बसून काढला. डिसेंबरात क्लबाने तिला चहाला बोलावलं, फार गोड बोलले, आणि यादीतून नाव काढलं. जानेवारीत ती आली. गोव्यात विमानातून उतरून बसने निघाली, रामनगरला बस थांबली तेव्हा तिथे उतरायचं धाडस झालं नाही म्हणे, खिडकीतून आपल्या दुकानाची पाटी बघितली आणि पुढे आली. जोयड्याला मी जीप घेऊन गेलो होतो. बॅग वर टाकली, ती पुढे बसली. घरात शिरताना म्हणाली, ''मामा, संपलं बघ माझं.'' मी म्हटलं, ''जेव आधी.'' आमच्याकडे एवढंच सुचतं.

डॉक्टर म्हणत होते पाय बरा झाला आहे. पाय ऐकत होता, पोर ऐकत नव्हती. सुपारी सोलायला बसायची, गोठा झाडायची, पण तो चेंडू बॅगेतून काढला नाही. काढला तो शांतीने. तिला वाटलं उशी आहे. (हवा भरलेल्या उशा परदेशात असतात असं तिने ऐकलं होतं.) दोन दुपारी ती त्यावर डोकं ठेवून झोपली, मान आखडली, मग चौकशी केली. हाच तो चेंडू हे कळल्यावर तिने महिला संघाच्या बैठकीत तो नेला. तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. आठ दिवसांत ठरलं: महिला संघ विरुद्ध हायस्कूलच्या मुली, म्हादूकाकांच्या भात कापलेल्या शेतात, रविवारी. मयूरी फक्त शिकवणार, खेळणार नाही, ही तिची अट.

खांब आठ लागतात. बांबू मी आमच्याच बेटातले तोडले, पण खांद्यावर आठ लांब बांबू घेऊन चाललेला माणूस आपल्या तालुक्यात किती लांब जाईल ते आपल्याला माहीत आहे. जंगलखात्याच्या ओंकार गार्डाने वळणावर धरलं. काय बांधताय, त्याने विचारलं. मी म्हटलं, काही बांधत नाही, फुटबॉल आहे. फुटबॉलला चार खांब लागतात, तो म्हणाला, बाकीचे चार कुणाचे? मी समजावायला लागलो, बाजूचे खांब चुकणाऱ्यांसाठी असतात म्हणून. तो वहीत लिहायचा थांबला. शेवटी मोजणी करायला म्हणून स्वतः शेतात आला आणि बघता बघता त्याच्या हातात दोन पांढरे टॉवेल देऊन आम्ही त्याला खांबांमागे उभा केला. खाकी वर्दीत टॉवेल हलवताना त्याचा जो रुबाब दिसला तो हत्ती पळवतानाही दिसत नाही.

पंच मी होतो. शिट्टी होती, नियम नव्हते. महिला संघाच्या बायका पदर खोचून उतरल्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की नांगरणी-लावणी केलेल्या बायकांना ह्या खेळात शिकवण्यासारखं फार थोडं आहे. पोरी पळायच्या, बायका पकडायच्या. चेंडू नाही, पोरींना. आता हा नियम नीट ऐका. ह्या खेळात उंच आलेला चेंडू पकडताना दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा देऊन चढलं तरी चालतं. हे मयूरीने सकाळी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं, पण मनावर एकटीने घेतलं. चेंडू वर गेला. खाली मी उभा, वर बघत, तोंडात शिट्टी. मागून आपल्या मेहुण्याची बायको (म्हणजे माझीच, सत्तर किलो, दवाखान्याच्या कार्डावर लिहिलं आहे) धावत आली, माझ्या कंबरेवर पाय, खांद्यावर गुडघा, आणि आकाशात गेली. लोक सांगतात असा झेल परदेशातसुद्धा कधी झाला नाही. मी पाहिला नाही. मी म्हादूकाकांच्या बांधावर बसलो होतो. बसलो म्हणजे जो दगड होता त्यावर, फार जोरात. शिट्टी अर्धी गिळली होती, त्यामुळे ओरडलो तेही शिट्टीतूनच बाहेर आलं आणि शांतीला वाटलं मी झेल मान्य केला. माकडहाडाला मार. डॉक्टरने सांगितलं, दोन महिने बसायचं नाही. जीप चालवणाऱ्या माणसाला!

पण दाजी, हे सगळं मी सांगतोय ते त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी. मला उचलायला सगळ्या धावल्या आणि चेंडू सुटून उताराकडे, खाली धरणाच्या पाण्याकडे, उड्या मारत निघाला. भाग्यलक्ष्मी म्हणून आठवीतली मुलगी आहे, ती ओरडली, ''मयूरीअक्का, चेंडू!'' आणि मयूरी पळाली. मी पालथा पडलो होतो, तिथून मला फक्त तिचे पाय दिसत होते. नऊ महिने जिन्यावरून उतरतानाही कठडा धरणारे पाय. तिने पाण्याच्या अलीकडे चेंडू उचलला, वळली, आणि विचार न करता, उजव्याच पायाने, तिथूनच मारला. चेंडू म्हादूकाकांच्या भाताच्या उडवीवरून गेला, आमच्या सगळ्यांवरून गेला, आणि मधल्या दोन बांबूंमधून पलीकडे. ओंकारने दोन्ही टॉवेल इतक्या जोरात हलवले की एक आंब्यावर जाऊन अडकला, तो अजून तिथेच आहे. मयूरी मात्र जागीच खाली बसली, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून. शांती धावली. ''दुखलं काय गं?'' पोर मान हलवत होती. हसत होती का रडत होती कळेना. ''न्हाई मामी. न्हाईच दुखलं. बघ की, दुखलंच न्हाई!''

त्यानंतर तिला आवरायचं काम उरलं. सकाळी उळवीच्या रस्त्याने पळायची, चढाला, परतताना पुन्हा चढाला. जत्रेत रथ ओढणाऱ्या गर्दीत शिरली आणि बाहेर आली तेव्हा म्हणाली, अशी गर्दी मेलबर्नच्या मैदानात मिळाली तर धक्के खायचा सराव फुकटात होईल. शेतातल्या त्या लाथेचं चित्रण शाळेच्या शिल्पाबाईंनी मोबाईलवर केलं होतं (त्यात सुरुवातीला मी दगडावर बसतानाचा भाग आहे, तो कापायला मी तीनदा सांगितलं, कापला नाही). ते तिने आपल्या जुन्या बेकरीतल्या मैत्रिणीला पाठवलं, मैत्रिणीने कुणाला, त्याने कुणाला. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका क्लबाच्या प्रशिक्षिकेचं पत्र खडकाजवळ तिच्या फोनवर येऊन पडलं. मयूरी वाचत होती, आम्ही तोंडाकडे बघत होतो. एक वर्षाचा करार. आणि खाली एक ओळ, की ती निळ्या साडीतली बाई कोण, तिचं वय काय. शांतीने तेव्हापासून निळी साडी धुवायला टाकलेली नाही.

शेवटचं एक सांगतो आणि पुरे करतो. मागच्या आठवड्यात ओंकार आपल्या दुकानात युरियाचं पोतं न्यायला आला होता. आपण त्याला ओळखत नाही, पण तो आपल्याला ओळखतो. गिऱ्हाइकांत गप्पा चालल्या होत्या, तो मुद्दाम म्हणाला, जोयड्याच्या कुणा मुलीने म्हणे पहिल्याच सामन्यात सहा गोल केले. आपण काट्यावरून मान न उचलता म्हणालात, ''सहा गुण. गोल एकच.'' आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बियाणं मोजून दिलंत. ओंकारने हे मला सांगितलं. मी कुणाला सांगितलेलं नाही. मी फक्त इतकाच विचार करतोय की आमच्या खडकावर रेंज नसती तर मला हा हिशेब ठाऊक नसता. आपल्याला कुठल्या खडकावर कळला?

बाकी काही मागणं नाही. तब्येत सांभाळावी, गोड खाऊ नये, अक्काला नमस्कार सांगावा. मयूरी ह्या आठवड्यात जाते आहे, ते कळवणं माझं काम होतं, ते केलं. लहानमोठं लिहिण्यात आलं असेल तर मेहुणा समजून पोटात घालावं.

आपला,
महाबळेश्वर

ता. क. : वरचं पत्र काल गुंदला लिहिलं. हे आज शुक्रवारी सकाळी रामनगरात लिहितोय. 'ह्या आठवड्यात' म्हणजे आज. गोव्याचं विमान संध्याकाळी सहाचं आहे. हे पत्र आपल्या हातात शांतीने दिलं असेल आणि ती आता अक्काशी बोलत आत गेली असेल. जीप आपल्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे उभी आहे. मान वर केली तर दिसेल. पुढच्या सीटवर जी खाली बघून बसली आहे ती तीच. तिने मला पत्र आखूड लिहा असं सांगितलं होतं.

ता. क. २ : एक अडचण आहे. जीप इथपर्यंत ओंकारने आणली, पण त्याला अकराच्या बसने ड्युटीवर परत जायचं आहे. माझं माकडहाड असं, मी मागच्या सीटवर पालथा आहे (कागद सीटवर ठेवून लिहितोय, अक्षराला माफी). अनमोड घाटातून गाडी उतरवायला भरवशाचा हात पाहिजे. आपण दुकान टाकण्याआधी अकरा वर्षं त्या घाटात लॉरी चालवलीत, एकदाही आरसासुद्धा घासला नाही. दुकान अक्का बघेल. तिला मी विचारलं आहे.

ता. क. ३ : दाजी, आपल्याशी खोटं नको. माकडहाड गेल्या रविवारपासून बरं आहे. मी बसू शकतो, घाटही उतरवू शकतो. हे शांतीला ठाऊक नाही, मयूरीला नाही, ओंकारलाही नाही. फक्त आपल्याला सांगतोय. आपण नाही म्हणालात तर मी उठून चालवायला बसेन, तिचं विमान चुकणार नाही, आणि आपल्याला कोणी काही म्हणणार नाही. पण इथे पालथं पडून मला ऊन फार लागतंय, तेव्हा काय ते लवकर ठरवा. किल्ली गाडीलाच आहे.